समुद्रगाय आणि गजराज

देवमासा हा मासा नव्हे, ही गोष्ट आतां शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. परंतु समुद्रगाय ही गाईची कोणी लागत नाहीं, हें मात्र पुष्कळ सुशिक्षितांसहि सांगावें लागतें. डुगाँग नांवाचा हा सस्तन प्राणी उथळ समुद्राच्या तळचें गवत चरतो, एवढ्याच साम्यावरून त्यास गाय म्हटलें गेलें. तामिळ कोळीहि त्यास ‘कडल पसु’ म्हणजे समुद्रगायच म्हणतात. शरीररचना पाहिली तर त्याचें खरें नातें हत्तीशीं आहे. सहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वीं या दोघांचा पूर्वज एकच होता.

पुरावा तोंडांतच आहे. नर समुद्रगाईस वयांत आल्यावर वरच्या जबड्यांतून दोन दांत बाहेर फुटतात. त्यांस आपण सुळे म्हणूं. पण वस्तुतः ते पटाशीचे दांत होत, आणि गजराजाचे ते भव्य दंतहि पटाशीचेच! मादीचे स्तन गाईप्रमाणें मागील पायांपाशीं नसून दोघींच्याहि बाबतींत पुढच्या अवयवांच्या मुळाशीं असतात. नराचे वृषणहि दोन्ही जातींत पोटाच्या आंतच राहतात.

एवढें साम्य असून स्थलभेदानें केवढा फरक पडला, तें पाहण्यासारखें आहे. हत्तीचें मस्तक प्रचंड, पण कवटीच्या हाडांत हवेच्या असंख्य पोकळ्या असल्यामुळें तें मानेस पेलतें. समुद्रगाईचीं हाडें उलट भरीव व जड. तळाशीं चरतांना शरीर वर तरंगूं नये म्हणून निसर्गानें जणुं नीरमच भरून दिलें आहे. तिचीं फुप्फुसें पाठीलगत लांबवर पसरलेलीं असतात, त्यामुळें ती पाण्यांत आडवी, समतोल राहते. सोंडेचें काम खालीं वळलेला जाड ओठ करतो. सोंड नाहीं म्हणून ‘हस्ती’ व ‘करी’ हीं हातावरून पडलेलीं संस्कृत नांवें तिला शोभणार नाहींत. सोंडेनें व तोंडानें असें दोनदां पितो तो ‘द्विप’, हें तर मुळींच नाहीं. श्वासासाठीं मात्र तिला दर कांहीं मिनिटांनीं वर यावेंच लागतें.

हत्तीलाहि पाण्याचें वावडें नाहीं. अंदमानांत लांकडाचे ओंडके ओढण्यासाठीं नेलेले हत्ती सोंड पाण्याबाहेर धरून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जात. त्यांपैकीं राजन नांवाचा प्रसिद्ध हत्ती २०१६ सालीं वारला. त्याच अंदमानचा राज्यप्राणी समुद्रगाय आहे, हा योगायोग मोठा गोड वाटतो.

आतां चिंतेची बाब. हत्तीण सुमारें बावीस महिने गर्भ वाहते, समुद्रगाय तेरा-चौदा महिने. दोघींस बहुधा एकच पिलूं होतें व पुढचें व्हावयास कित्येक वर्षें लागतात. अशा प्राण्याची हानि लवकर भरून येत नाहीं. उत्तरेकडील बेरिंग समुद्रांत हिची एक प्रचंड बहीण होती. स्टेलर नांवाच्या निसर्गशास्त्रज्ञानें ती १७४१ सालीं पाहून तिचें वर्णन केलें. शिकाऱ्यांनीं १७६८ पर्यंत तिचा वंश बुडविला. अवघीं सत्तावीस वर्षें!

आपल्याकडे कच्छचें आखात, मन्नारचें आखात, पाल्कची सामुद्रधुनी व अंदमान-निकोबार एवढ्याच ठिकाणीं समुद्रगाई उरल्या आहेत, त्याहि थोड्या. १९७२ च्या कायद्यानें शिकारीस बंदी आहे. पण माशांच्या जाळ्यांत अडकली कीं वर येतां न आल्यानें ती गुदमरून मरते. तामिळनाडु सरकारनें २०२२ सालीं पाल्कच्या उपसागरांतील ४४८ चौरस किलोमीटर समुद्र तिच्यासाठीं राखून ठेविला. शिवाय जाळ्यांत सांपडलेली समुद्रगाय जिवंत सोडून देणाऱ्या कोळ्यांस तेथें बक्षीसहि देतात. मला ही दुसरी योजना अधिक शहाणपणाची वाटते. कारण ती सोडवावयाची तर बहुधा जाळें कापावें लागतें, आणि जाळें गरिबाचें असतें.