मोटारीतील ध्वनिरोधन : अल्पखर्चिक साहित्याची निवड व वापर

चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीत (जि. कोल्हापूर) कंपन व नाद यांचा संबंध सहज पाहता येतो. चांदीची वाटी टिचकीने निनादते; बोट टेकताच नाद विरतो. मोटारीच्या दाराचा पातळ पत्रा याच नियमाने वाजतो. अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्युटाइल रबराची पट्टी त्यावर चिकटविल्यास कंपनऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. संपूर्ण पत्रा झाकणे अनावश्यक असून मध्यभागी सुमारे २५ टक्के आच्छादन बहुधा पुरेसे ठरते. खरी बचत येथेच होते. छपराची स्वस्त डांबरी पट्टी मात्र उन्हात मऊ होऊन सुटू शकते. पत्रा स्पिरिटने पुसून पट्टी रुळाने घट्ट दाबावी. दाराच्या तळाशी असलेली निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. अन्यथा पाणी साचून पत्रा गंजतो. सारांश, साहित्याच्या किमतीपेक्षा त्याची योग्य जागा महत्त्वाची होय.