मुखवटा, पात्र आणि ‘ईव्हन इन आर्केडिया’

(मुळशी तालुक्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आज ज्या गायकाबद्दल बोलायचंय त्याचं नाव मी सांगणार नाही. नेटवर शोधलंत तर मिळेल. तरी मी का सांगणार नाही, ते पुढे येईलच.

स्लीप टोकन हा इंग्लंडचा बँड, २०१६ साली लंडनमध्ये सुरू झाला. चौघं जण, चौघांच्या तोंडावर मुखवटे, अंगावर झगे. गायकाला ‘वेसल’ म्हणायचं, बाकीच्यांना नुसते आकडे: दोन, तीन, चार. त्यांची कथा अशी, की ‘स्लीप’ नावाची एक जुनी देवता गायकाच्या स्वप्नात आली आणि तेव्हापासून तो तिच्यासाठी गातो. म्हणून कार्यक्रमाला विधी म्हणायचं आणि गाणं म्हणजे देवतेला वाहिलेलं काहीतरी. मुलाखती जवळजवळ नाहीतच. पहिले तीन अल्बम स्पाइनफार्म या लेबलकडून आले. हे लेबल जड संगीताच्या श्रोत्यांत ओळखीचं. चौथा, ‘ईव्हन इन आर्केडिया’, ९ मे २०२५ रोजी आरसीएने काढला. आरसीए म्हणजे सोनी म्युझिकचं घर, एल्व्हिस प्रेस्लीचं लेबल. म्हणजे अल्बम चौथा, पण मोठ्या कंपनीच्या दारातून आलेला पहिला. तो ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

आता ज्यांनी मेटल कधी ऐकलंच नाही त्यांच्यासाठी थोडं. गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो, त्याच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या असतात. ड्रमवाला दोन्ही पायांनी ढोल बडवतो. गायक अनेकदा गात नाही, घशातून गुरगुरतो. पुष्कळांना हा गोंगाट वाटतो. पण गोंगाटालाही व्याकरण असतं. आणि मेटलचा श्रोता त्या व्याकरणाबाबत आपल्या घराण्यांच्या अभिमान्यांइतकाच कडवा. हे मेटल, ते मेटल नाही, यावर रात्र रात्र भांडणं होतात.

अशा श्रोत्यांसमोर या बँडने ‘कॅरमेल’ हे गाणं ठेवलं. त्याचा ठेका रेगेटनचा, म्हणजे पोर्टो रिको, पनामाकडच्या नाचाच्या संगीताचा. समजायला सोपं आहे. केरव्याच्या आठ मात्रा घ्या. त्या चार-चार अशा न तोडता तीन-तीन-दोन अशा तोडा. एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन. कंबर आपोआप हलते. त्या हलत्या ठेक्यावर गायक हळू, जवळजवळ गोड आवाजात गातो, आणि बराच वेळ तेच चालतं. मग एकदम जमीन सरकते: गिटार कोसळते, गुरगुर सुरू होते. ‘इमर्जन्स’मध्ये जड भाग ओसरल्यावर शेवटाला सॅक्सोफोन येतो. ‘प्रोव्हायडर’ बराचसा आर अँड बी, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांनी घडवलेलं मखमली प्रेमगीत.

सगळे सांधे जमलेत असं मला वाटत नाही. ‘गेथसेमनी’मध्ये तीन गाणी एकाला एक शिवल्यासारखी वाटतात, टाके दिसतात. ‘कॅरमेल’ मात्र जमलंय, आणि ते का जमलं ते त्याच्या विषयात आहे. गाणं प्रसिद्धीबद्दल आहे. लोक कसे चिकटतात, डिवचण्यासाठी खरं नाव घेऊन कशा हाका मारतात, याची ती तक्रार आहे. माणूस बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने सगळं सोसतो आणि शेवटी फुटतो. नाचाचा ठेका म्हणजे तो हसरा चेहरा, मेटल म्हणजे ते फुटणं. शैली बदलते ती हौस म्हणून नाही.

झालं असं होतं, की २०२३ च्या अल्बमनंतर बँड भराभर वाढला आणि नेटवर या लोकांची नावं, खाजगी माहिती फिरायला लागली. प्रेमाने केलं म्हणा, पण केलं चाहत्यांनीच.

‘वेसल’ला मराठीत शब्द काय? पात्र. आपल्याकडे पात्र म्हणजे भांडंही आणि नाटकातली व्यक्तीही. इंग्रजीत ज्यासाठी दोन शब्द लागतात ते आपला एकच शब्द सांगून जातो. भांड्याला कोणी विचारत नाही, तुझं नाव काय. आणि भांड्यात आज दूध, उद्या ताक चालतं. चेहरा ओळखीचा असता तर लोक म्हणाले असते, हा तर मेटलवाला, हा नाचाची गाणी का गातोय? मुखवट्याला कुठलंच घराणं नसतं. शैलींची सरमिसळ आणि मुखवटा या मला तरी दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत.

इथे मला जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आठवतो. होळीनंतरच्या दिवसांत रात्री मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर देवादिकांची सोंगं येतात. बऱ्याच ठिकाणी कुठलं सोंग कुठल्या घराण्याचं हे ठरलेलं असतं. म्हणजे मुखवट्याखाली कोण, हे गावाला पक्कं माहीत. तरी नाचत असताना तो देवच. त्याला कोणी नावाने हाक मारून ‘काय रे, उद्या शेतावर येणार ना’ विचारत नाही. तिथे मुखवटा गुपित राखत नाही, मर्यादा राखतो. माहीत असूनही न बोलण्याची मर्यादा. मी नाव सांगत नाही, ते याचसाठी.

गाव लहान असतं तोवर ही मर्यादा पाळली जाते. मोठी कंपनी, लाखो श्रोते, प्रत्येकाच्या हातात फोन. तिथे ती कोण कोणाला शिकवणार? स्वीडनच्या ‘घोस्ट’चं उदाहरण घ्या. त्यांच्या प्रमुखाचं नाव २०१७ साली उघड झालं ते जुन्या साथीदारांनी पैशाच्या वादात कोर्टात खेचल्यामुळे. कोर्टाच्या कागदावर मुखवट्याची सही चालत नाही! अमेरिकेतल्या स्लिपनॉटनेही मुखवटे आणि शून्य ते आठ असे आकडे घेतले, पण त्यांची नावं पुढे सगळ्यांना ठाऊक झाली. त्यांनी त्याचं फार मनावर घेतलं नाही, कारण त्यांचा मुखवटा मुळात रागाचा होता, लपण्याचा नव्हता.

आपल्याकडे? मुंबईच्या डेमोनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये ‘दशावतार’ हा अल्बम केला. विष्णूचे अवतार आणि मेटल, दोन्ही एका पानात वाढलेलं. त्यांना आरसीए नव्हतं. साहिल मखिजाने स्वतःच लेबल काढलं होतं. मुखवटाही नव्हता. हाच गृहस्थ यूट्यूबवर स्वयंपाक शिकवतो, त्यामुळे गुरगुरणारा आणि कांदा परतणारा एकच, हे सगळ्यांना माहीत. चालतं की!

स्लीप टोकनला तसं चालणार नाही. देवतेची कथा आणि कांदा एका ताटात बसत नाहीत. म्हणून या अल्बमात ती देवता मागे सरकते आणि थकलेला माणूस पुढे येतो, असं मला ऐकताना वाटतं. ‘डॅमोक्लीस’चं नावच बघा. ग्रीक कथेत राजाच्या आसनावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर केसाने टांगलेली तलवार असते. कंपनीने दिलेलं आसन आणि त्यावरची तलवार.

आता ‘कॅरमेल’ लावतो. तीन-तीन-दोन हातावर मोजत राहा. मोजणं सुटलं की हात वर करा. बहुतेक सगळ्यांचे हात एकाच जागी वर जातील. त्या जागेपासून पुढे काय होतं, त्यावर प्रश्न घेऊ.