ॲड्रेनॅलीन

ॲड्रेनॅलीन : (एपिनेफ्रिन). अधिवृक्क ग्रंथींच्या मध्यकात तयार होणारे हॉर्मोन. या दोन ग्रंथी मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांवर असतात. भय, क्रोध, रक्तस्राव किंवा तीव्र श्रम यांच्या वेळी अनुकंपी तंत्रिकांच्या उद्दीपनामुळे त्याचा स्राव वाढतो व ते रक्तावाटे शरीरभर पसरते.

त्यामुळे हृदयस्पंदनांची गती व जोर वाढतात. श्वासनलिकांचे अनैच्छिक स्नायू शिथिल होऊन फुप्फुसांत हवा सुलभपणे शिरते. यकृतातील ग्लायकोजेनापासून ग्लुकोज बनून रक्तात येते. त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित होतात, तर कंकाल स्नायूंचा रक्तपुरवठा वाढतो. भीतीने चेहरा पांढरा पडणे व छाती धडधडणे ही याचीच दृश्य लक्षणे होत. डब्ल्यू. बी. कॅनन या अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिकांनी १९१५ मध्ये या बदलांचा अर्थ लढण्याची किंवा पळण्याची पूर्वतयारी असा लावला.

जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये हे हॉर्मोन स्फटिकरूपात वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. १९०४ मध्ये फ्रीड्रिख श्टोल्ट्स यांनी त्याचे संश्लेषण केले.

मधमाशीचा दंश, पेनिसिलीन, शेंगदाणे इत्यादींमुळे काही व्यक्तींत अतितीव्र ॲलर्जी उद्‌भवते. रक्तदाब घसरतो, घसा सुजतो, श्वासनलिका आकुंचित होतात व काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. ॲड्रेनॅलीन या तिन्ही विकृतींचा एकाच वेळी प्रतिकार करते. तोंडावाटे दिल्यास ते निष्क्रिय होते. म्हणून ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत टोचतात. प्रौढांसाठी नेहमीची मात्रा ०·५ मिग्रॅ. असते. हिस्टामीनविरोधी औषधे त्याची जागा घेऊ शकत नाहीत. विलंब प्राणघातक ठरतो.