वॉर्ड आधी, पदवी नंतर

सरकारी मार्गदर्शिका चवीने वाचाव्यात अशा क्वचितच असतात, पण राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमाची वाचण्याजोगी आहे. कार्यक्रम २०१०-११ चा. प्राथमिक आरोग्य केंद्राला काय काय द्यायचे त्याची तिच्यात यादीच आहे: नेब्युलायझर, ग्लुकोमीटर, वॉकर, खांद्याच्या व्यायामाचे चाक, मानेचे नि कमरेचे ट्रॅक्शन, व्यायामाची सायकल, इन्फ्रारेड दिवा. आठवड्यातून एकदा ज्येष्ठांसाठी ओपीडी, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड आणि सगळ्यांच्या वर देशभरात आठ प्रादेशिक केंद्रे. मुंबईचे जे. जे. त्यांतलेच एक. प्रत्येक केंद्रातून दरसाल वृद्धचिकित्सेचे दोन एम.डी. घडवायचे, म्हणजे मूळ आराखड्याप्रमाणे वर्षाला सोळा. आणि २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक सुमारे १०.४ कोटी! कलबुर्गी-बिदरच्या सीमाभागातल्या औराद, भालकी किंवा आळंदच्या वाट्याला यातला एखादा तज्ज्ञ कधी येईल, हा हिशेब मांडण्यातही अर्थ नाही. सायकल पोहोचेल, पाच गोळ्यांपैकी कोणती बंद करायची हे सांगणारा पोहोचणार नाही.

चूक आकड्यात नाही, क्रमात आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये तिथल्या सरकारी जनरल हॉस्पिटलात वृद्धांसाठी वेगळी ओपीडी सुरू केली. वॉर्ड मिळायला १९८८ उजाडले आणि मद्रास मेडिकल कॉलेजात एम.डी.चा अभ्यासक्रम आला १९९६ मध्ये. अठरा वर्षांत आधी रुग्ण, मग खाटा, मग पदवी. इंग्लंडातही हेच घडले होते. १९३५ मध्ये वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलने शेजारचे गरिबांचे इस्पितळ ताब्यात घेतले, तेव्हा तिथले सातशेहून अधिक रुग्ण डॉ. मार्जरी वॉरन यांच्या पदरी पडले. बरेचसे वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. ‘आता वयच झालंय’ हेच त्यांचे निदान. वॉरनबाईंनी एकेकाला नीट तपासले, वर्गवारी केली, उठवून बसवले, चालवले. कित्येक जण घरी गेले, खाटा रिकाम्या झाल्या. १९४३ आणि १९४६ मध्ये त्यांनी लेख लिहिले ते या अनुभवावर. त्यांच्यापाशी या शाखेची पदवी नव्हती, वॉर्ड होता.

कलबुर्गी-बिदरला हा धडा लागू पडतो, कारण तिथे आता कॉलेजांची वानवा नाही. कलबुर्गीचे रामपुरे मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे. त्यात तिथलेच सरकारी कॉलेज, ईएसआयसीचे कॉलेज आणि बिदरची संस्था यांची भर पडली. मग वृद्धचिकित्सेच्या चार जागा मागून घ्याव्यात, असे कुणीही म्हणेल. मला ते अपुरे वाटते. खुल्या स्पर्धेतून आलेला विद्यार्थी तीन वर्षांनी बेंगळुरू नाही तर हैदराबाद गाठतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. यावर राज्यघटनेचे कलम ३७१-जे पुढे केले जाते. या भागातल्या शिक्षणसंस्थांत स्थानिकांना ७० टक्के राखीव जागा त्यामुळेच मिळाल्या. पण जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशात रहिवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरवले. तो खटला चंदीगडचा होता, ३७१-जे चा प्रश्न त्यात नव्हता. तरी सगळा भार रहिवासावर टाकणे शहाणपणाचे नाही. दुसरी वाट अधिक भक्कम आहे. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच न्यायालयाने सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. हुमनाबादच्या तालुका रुग्णालयात दहा वर्षे काढलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला शिकवा, सेवेची हमी लिहून घ्या आणि परत त्याच तालुक्यात पाठवा.

यावर फिजिशियन म्हणतील, म्हातारी माणसे आम्ही रोजच तपासतो. तपासतात, यात शंका नाही. पण सीमेवरचा रुग्ण एक चिठ्ठी बिदरची, एक उदगीरची, एक सोलापूरची अशा पिशवीभर चिठ्ठ्या घेऊन येतो. त्या एकत्र मांडून काय कमी करायचे ते ठरवणे आणि म्हातारीला खुर्चीतून उठवून तीन मीटर चालवून, वळवून, परत बसवून घड्याळ पाहणे, हे वेगळे कसब आहे. यंत्र लागत नाही, शिकवणारा लागतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: जिथे बाळंतिणी आणि कुपोषित मुले आधी वाचवायची, तिथे हे चोचले कशाला? पण यासाठी नवी इमारत कोण मागतो आहे? पदव्युत्तर विद्यार्थ्याला जिल्हा रुग्णालयात तीन महिने काढणे २०२० च्या नियमाने बंधनकारक झालेच आहे. मेडिसिनवाल्यांचे ते महिने दहा खाटांच्या वॉर्डात गेले, तर बाळंतिणींच्या वाट्याचे काहीच जात नाही.

एका गोष्टीला मात्र दिल्ली-चेन्नईत तयार उत्तर नाही: स्मृतिभ्रंशाची चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची? हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी १९९५ मध्येच तयार झाली. आयसीएमआरने २०२० मध्ये पाच भाषांतला संच दिला. त्यात कन्नड आहे, मराठी नाही. बसवकल्याणची आजी घरात मराठी बोलते, बाजारात दखनी, आणि कन्नड कचेरीपुरती. तिला कन्नडात प्रश्न विचारले आणि ती अडखळली, तर विसरभोळेपणा मोजला की भाषा? चुकीचा शिक्का बसला की पुढची औषधेही चुकीचीच. तेव्हा या अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकडीचा प्रबंध हाच असावा: न शिकलेल्यांनाही देता येईल अशी मराठी आणि दखनी चाचणी बांधून ती इथल्याच गावांत पडताळणे. लातूरचे सरकारी मेडिकल कॉलेज शेजारीच आहे, आणि निलंगा-उदगीरच्या वृद्धांनाही ती तितकीच हवी आहे. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी त्यासाठी एक करार केला तरी पुरे.