जपानी पानावरचे शब्द

परकी भाषा शिकणाराला खाण्यापिण्याचे शब्द सर्वांत सोपे वाटतात. वस्तु समोर असते, बोट दाखवितां येतें, आणि कोशांत तिच्यापुढें एकच शब्द छापलेला असतो. जपानांतील पहिले चार दिवस माझाही असाच समज होता. मांसाला ‘निकु’ म्हणतात एवढें पाठ करून एका लहानशा खाणावळींत मीं ‘निकु वा ताबेमासेन’, म्हणजे मी मांस खात नाहीं, असें मोठ्या ऐटीनें सांगितलें. वाढणाऱ्या बाईंनीं अदबीनें मान लवविली आणि थोड्या वेळानें भाजलेला मासा आणून पुढें ठेवला. त्या बाईंची चूक मुळींच नव्हती. ‘निकु’ म्हणजे पशुपक्ष्यांचें मांस. मासा तो ‘साकाना’, आणि निकु म्हटलें असतां जपानी माणसाच्या डोळ्यांपुढें मासा येत नाहीं. कोशानें मला शब्द दिला होता, परंतु त्या शब्दाची शीव दाखविली नव्हती. ह्या शिवा आपल्या शब्दांशीं कोठें जुळतात आणि कोठें दगा देतात, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

जेथें त्या जुळतात तेथपासून आरंभ करूं. इंग्रज मनुष्याला शेतांतील पीक, पोत्यांतील दाणा आणि ताटांतील शीत ह्या तिहींना मिळून एकच शब्द पुरतो. जपानी माणसाला तो पुरत नाहीं, आणि आपल्यालाही नाहीं. शेतांत उभी असते ती ‘इने’, म्हणजे आपली साळ. सडून निघतो तो ‘कोमे’, म्हणजे तांदूळ. आणि शिजून वाडग्यांत येतो तो ‘गोहान’, म्हणजे भात. इंग्रजीमार्फत जपानी शिकणारा येथें अडखळतो. मराठी माणसानें मात्र ही सोय हातची सोडूं नये व थेट मराठींतून शिकावें. कोमेचें चित्राक्षर सुटें केलें तर त्यांत आठ, दहा आणि आठ हे आंकडे दिसतात. म्हणून तांदूळ पिकविण्याला अठ्ठ्याऐंशीं प्रकारचे कष्ट पडतात, असें तेथील लोक कौतुकानें सांगतात.

पण गोहानची मजल आपल्या भाताहून लांब जाते. गोहान म्हणजे भात तसेंच जेवणही. सकाळच्या खाण्याला ‘आसागोहान’, दुपारच्याला ‘हिरुगोहान’ आणि रात्रीच्याला ‘बानगोहान’ म्हणावयाचें. मग सकाळीं पोटांत पाव गेलेला असला तरी हरकत नाहीं. उलट तोच भात पसरट बशींत वाढून विलायती थाटाच्या पदार्थासोबत आला कीं त्याचें नांव पालटून ‘राइसु’ होतें. सर्वांच्या आवडीचा ‘कारे राइसु’ हा असाच इंग्रजांच्या वाटेनें तेथें पोंचला. मात्र १९१५ मध्यें जपानांत आश्रय घेतलेल्या रासबिहारी बोस ह्यांना तो पसंत नव्हता. त्यांच्या सासुरवाडीचें तोक्योच्या शिंजुकु भागांत ‘नाकामुराया’ नांवाचें दुकान होतें. तेथें १९२७ मध्यें त्यांच्या सांगण्यावरून हिंदी पद्धतीचा पदार्थ सुरू झाला, आणि त्याला ते लोक ‘कारे’ न म्हणतां ‘कारी’ म्हणतात. एका स्वरांत केवढा अभिमान!

पाण्याची गोष्ट याहून चमत्कारिक. ‘मिझु’ म्हणजे पाणी खरें, पण तें थंडच. ऊन पाणी हें ‘ओयु’. तो निराळा शब्द आहे, आणि ‘गरम मिझु’ असें म्हटलें तर ऐकणाराला तें विचित्र लागतें. चहाचेंही तसेंच. नुसतें ‘ओचा’ मागितलें तर बहुधा हिरवा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा येतो. आपल्या ओळखीच्या चहापत्तीला ते ‘कोचा’, म्हणजे तांबडा चहा, म्हणतात. इंग्रज ज्याला काळा म्हणतो तो जपानी माणसाला तांबडा दिसतो. पेला उजेडाकडे धरून पाहिला तर जपानी माणसाचेंच खरें वाटतें.

कांहीं शब्द तर आपल्या घरचेच भेटतात. पावाला तेथें ‘पान’ म्हणतात. तें मागून विड्याची वाट पाहत बसूं नये. ज्या पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतलें, त्यांच्यांतलेच कांहीं १५४३ मध्यें तानेगाशिमा बेटावर उतरले. त्यांच्याच तोंडचा शब्द इकडे ‘पाव’ झाला व तिकडे ‘पान’. ‘कोंपेइतो’ ही खडीसाखरेसारखी मिठाईही त्यांचीच देणगी. तिच्या अंगावरचे कांटे पाहून संक्रांतीच्या हलव्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. असे परके शब्द ‘काताकाना’ नांवाच्या कोनदार लिपींत लिहिण्याची रीति असल्यामुळें ती एक लिपि आधीं शिकणाराला फराळाच्या दुकानांतील निम्मी पाटी वाचतां येते. बटाट्याची मात्र गंमत वेगळी. आपण पोर्तुगीज नांव ठेवून घेतलें. जपानी लोकांनीं तो जाकार्ताहून आला म्हणून त्याला ‘जागाइमो’, म्हणजे जाकार्ताचा कंद, म्हटलें.

आतां पुन्हां त्या खाणावळीकडे वळूं. मासा परत पाठवून शाकाहारी मनुष्य निर्धास्त होईल तर तो फसेल. तेथील स्वयंपाकाचा प्राण ‘दाशि’ नांवाच्या पातळ अर्कांत असतो. ‘कात्सुओ’ नांवाचा मासा शिजवून, धुरावून, लांकडासारखा टणक होईपर्यंत वाळवितात. त्याच्या पातळ कपच्या ऊन पाण्यांत सोडून गाळल्या कीं दाशि तयार होते. कोंबु ह्या समुद्रांतील वनस्पतीचीही दाशि करतात. १९०८ मध्यें किकुनाए इकेदा ह्या रसायनशास्त्रज्ञानें तिच्यांतूनच एक रुचिकर द्रव्य वेगळें काढून त्या रुचीला ‘उमामि’ हें नांव दिलें. पण सामान्य खाणावळींत सार, शेवया, उकडलेली भाजी ह्या सर्वांत माशाचीच दाशि असावयाची. ती डोळ्यांना दिसत नाहीं, आणि भाजी ही ‘यासाइ’च राहते; म्हणून वाढणारा ‘ही केवळ भाजी आहे’ असें सांगतो तें प्रामाणिकपणानेंच सांगतो. यास्तव तीन गोष्टी निरनिराळ्या बोलाव्या: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, मांसही नाहीं व मासेही नाहींत, आणि लगेच, ‘कात्सुओ नो दाशि मो दामे देस’, कात्सुओची दाशिही चालणार नाहीं. बौद्ध मठांच्या परंपरेंतील ‘शोजिन’ जेवण मिळालें तर मोठेंच भाग्य. त्यांत मांसमासे नसतात व अर्क कोंबुचा आणि अळंब्यांचा असतो.

एवढें बोलल्यावर उत्तर मोठ्या सावधपणें ऐकावें. ‘नाहीं’ असें तोंडावर कोणी म्हणणार नाहीं. ‘चोत्तो...’ असें म्हणून ते मान किंचित् तिरपी करतील व वाक्य तेथेंच सोडतील. चोत्तो म्हणजे ‘जरासें’. परंतु येथें त्याचा अर्थ, जमणार नाहीं. अशा वेळीं आभार मानून उठावें आणि भाताच्या मुठीएवढ्या गोळ्यांचें, ‘ओनिगिरि’चें, दुकान गांठावें. आंत ‘उमेबोशि’ हें खारवलेलें आंबट फळ असेल तें घ्यावें. त्यांतही कात्सुओच्या कपच्या घातलेला एक प्रकार असतो, तेव्हां एकदां विचारावें. आणि शेजारच्या गोळ्यावर ‘ओकाका’ असें नांव दिसलें तर आपुलकीनें हात पुढें करूं नये. त्याचा आपल्या काकांशीं संबंध नाहीं. सोयाच्या रसांत कालविलेला तोच कात्सुओ आंत बसलेला असतो.