सराव शिबिराचे पहिले दिवस आणि व्यायामामुळे होणारा उष्माघात

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड चढवून, एकमेकांना अंगाने अडवत खेळायचा तो खेळ आहे. त्याचा व्यावसायिक हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, पण संघांची सराव शिबिरे जुलैच्या अखेरीसच भरतात. चाहत्यांसाठी हे दिवस म्हणजे पर्वणीच. मैदानाच्या कडेला बसून खेळाडू जवळून पाहता येतात आणि मग चर्चा रंगतात. कोण वजन वाढवून आला, कोणाला धाप लागते आहे, कोण सराव अर्धवट सोडून बसला. ‘सुट्टीत नुसता आराम केलेला दिसतोय’ हा त्यातला नेहमीचा शेरा.

मिनेसोटा वायकिंग्ज या संघाचे शिबिर अनेक वर्षे मँकेटो या गावी भरत असे. २००१ च्या शिबिरात कोरी स्ट्रिंगर हा २७ वर्षांचा, सुमारे १५० किलो वजनाचा नावाजलेला खेळाडू होता. पहिल्या दिवशीचा सराव त्याला पूर्ण करता आला नाही. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, ऊन आणि दमट हवेत त्याने सकाळचा सराव पूर्ण केला. मध्ये त्याला उलट्याही झाल्या. सराव संपल्यावर तो कोसळला. रुग्णालयात पोहोचला तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान १०८.८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४२.७ अंश सेल्सिअस होते. १ ऑगस्टच्या पहाटे त्याचा मृत्यू झाला.

मिनेसोटा हे वाळवंट नाही. अमेरिकेतल्या अतिथंड राज्यांत त्याची गणना होते. तरीही तिथे एक तरुण, कसलेला खेळाडू उष्माघाताने गेला. असे का होते, कडेला उभ्या असलेल्या माणसाला ते कसे ओळखता येईल आणि पहिल्या काही मिनिटांत काय करायचे, हे या लेखात समजून घेऊ.

हा उष्माघात वेगळा कसा?

उष्माघात म्हटले की आपल्याला मे महिन्यातले रणरणते ऊन आणि त्यात चक्कर येऊन पडलेली वयस्कर व्यक्ती आठवते. त्या प्रकारात उष्णता बाहेरून येते. व्यायामजन्य उष्माघातात ती मुख्यतः शरीराच्या आतच तयार होते.

आपले स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग हालचालीसाठी वापरला जातो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे काम रक्त आणि घाम करतात. रक्त आतली उष्णता त्वचेपर्यंत आणते, आणि घाम वाळताना ती घेऊन जातो. नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. हवा दमट असेल तर घाम निथळत राहतो, पण अंग थंड होत नाही. हेल्मेट आणि पॅडखाली तर हवाच लागत नाही. शरीर जितके मोठे, तितकी उष्णता जास्त तयार होते आणि वजनाच्या मानाने ती बाहेर टाकणारी त्वचा कमी पडते. म्हणून या खेळात धिप्पाड खेळाडूंना धोका अधिक असतो.

शरीराचे आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या (१०४ फॅरनहाइट) वर गेले आणि मेंदूचे काम बिघडले, की त्याला उष्माघात म्हणतात. तापमान असेच चढे राहिले तर यकृत, मूत्रपिंडे, रक्त गोठण्याची यंत्रणा आणि स्नायू यांना इजा होऊ लागते.

पहिलेच दिवस धोक्याचे का?

उष्ण हवेत कष्ट करायची सवय शरीराला लागते, पण त्यासाठी साधारण १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर आणि भरपूर येऊ लागतो, घामातून मीठ कमी जाते आणि तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. ही सवय वातानुकूलित जिममध्ये लागत नाही. उन्हात, टप्प्याटप्प्याने केलेल्या व्यायामानेच ती लागते.

शिबिराच्या पहिल्या दिवसांत शरीर अजून तयार नसते, मात्र मनावरचा ताण सर्वाधिक असतो. संघातली जागा टिकवायची असते, प्रशिक्षक पाहत असतात, प्रेक्षकही पाहत असतात. अशा वेळी शरीर थांबायला सांगते आणि माणूस थांबत नाही.

अमेरिकेत नियम बदलले ते हे लक्षात घेऊनच. २००३ मध्ये तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये पहिल्या पाच दिवसांत दिवसाला एकच सराव ठेवण्याचा आणि पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट वापरण्याचा नियम आला. पूर्ण पोशाख पाचव्या दिवशी, असा तो नियम होता. व्यावसायिक संघांमध्ये २०११ च्या करारानंतर एकाच दिवशी पूर्ण पॅड घालून दोनदा सराव घेणे बंद झाले. शिबिराच्या सुरुवातीला खेळाडू पॅडविना, हलका सराव करताना दिसले तर तो ढिलेपणा नसतो. ती शरीराला दिलेली मुदत असते.

कडेला उभ्या असलेल्या माणसाला काय दिसते?

या आजाराची सुरुवातीची लक्षणे आळस, चिडचिड किंवा दमछाक यांच्यासारखीच दिसतात, आणि घात तिथेच होतो. पुढील गोष्टींकडे लक्ष द्या:

• पाय लटपटणे, तोल जाणे, सरळ धावता न येणे
• असंबद्ध बोलणे, साध्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर देणे
• एरवी शांत असलेल्या मुलाने अचानक चिडणे, भांडणे किंवा रडणे
• सूचना न समजणे, शून्यात पाहत राहणे
• उलट्या, तीव्र डोकेदुखी
• कोसळणे, झटके येणे, शुद्ध हरपणे

‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. कोरडी, तापलेली त्वचा हे लक्षण प्रामुख्याने बाहेरच्या उन्हाने होणाऱ्या उष्माघातात दिसते. व्यायामजन्य उष्माघातात रुग्ण बहुधा घामाने भिजलेला असतो. काही जण कोसळण्यापूर्वी थोडा वेळ अगदी ठीकही वाटतात.

काखेत किंवा कपाळावर थर्मामीटर लावून काही कळत नाही. घाम आणि वारा यांमुळे तिथले तापमान कमी दिसते. खरे तापमान गुदमार्गातच मोजावे लागते. ते शक्य नसेल तर त्यासाठी थांबू नका. भरपूर व्यायामानंतर माणूस विचित्र वागू लागला, तर उष्माघात समजूनच कामाला लागा.

आधी थंड करा, मग हलवा

शरीराला होणारी इजा दोन गोष्टींवर ठरते: तापमान किती चढले आणि ते किती वेळ चढे राहिले. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तापमान ४० अंशांखाली आणणे हे उद्दिष्ट असते. रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात आणि प्रवासात हा अर्धा तास सहज निघून जातो. म्हणून उपचार मैदानावरच सुरू व्हायला हवेत.

१. एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा. बाकीच्यांनी रुग्णाला सावलीत नेऊन हेल्मेट, बूट, जाड कपडे काढावेत.

२. श्वास चालू आहे का ते पाहा. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब देणे (सीपीआर) सुरू करा.

३. श्वास चालू असेल तर मोठ्या टबात किंवा टाकीत बर्फ घातलेले पाणी घेऊन रुग्णाला मानेपर्यंत बुडवा. एकाने मागून काखेतून धरून डोके पाण्याबाहेर ठेवावे, दुसऱ्याने पाणी ढवळत राहावे.

४. टब नसेल तर ताडपत्रीचे चारही काठ उचलून धरा, मध्ये रुग्णाला झोपवा आणि बर्फाचे पाणी ओता. तेही जमत नसेल तर नळीने अंगावर सतत थंड पाणी सोडा, पंख्याने वारा घाला, बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून दर दोन मिनिटांनी बदला.

५. तापमान मोजण्याची सोय असेल तर ते ३९ अंशांच्या जवळ आल्यावर पाण्यातून बाहेर काढा. सोय नसेल तर रुग्ण कुडकुडू लागेपर्यंत किंवा नीट शुद्धीवर येईपर्यंत, साधारण १५ मिनिटे, थंड करा.

‘तापलेल्या अंगावर एकदम बर्फाचे पाणी टाकले तर झटका बसेल’ ही भीती अनेकांना वाटते. अनुभव नेमका उलटा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात फालमाउथ येथे दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत व्यायामजन्य उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर बर्फाच्या पाण्यात बुडवून उपचार झाले. सगळेच्या सगळे वाचले. वेळेवर ओळखला आणि लगेच थंड केला, तर हा आजार जीव घेत नाही.

स्ट्रिंगरच्या पत्नीच्या पुढाकाराने २०१० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात त्याच्या नावाने संस्था सुरू झाली. ‘आधी थंड करा, मग हलवा’ हीच शिकवण ती शाळांना आणि संघांना देते.

हे करू नका

• पॅरासिटामॉल देऊ नका. ते संसर्गाच्या तापावर काम करते, या उष्णतेवर नाही. उलट यकृताला आणखी इजा होऊ शकते.
• भान हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.
• ‘थोडा वेळ एसीत बसव, बरे वाटेल’ म्हणून थांबू नका. एसीने शरीर पुरेशा वेगाने थंड होत नाही.
• कांदा खिशात ठेवल्याने किंवा अंगाला चोळल्याने संरक्षण मिळत नाही. त्यात वेळ दवडू नका.

आपल्या घरात हा प्रश्न कुठे येतो?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुले शाळेच्या संघांतून ऑगस्टमधल्या सराव शिबिरांना जातात. इथे महाराष्ट्रात मेच्या सुट्टीत क्रिकेट-फुटबॉलची शिबिरे भरतात, आणि पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी हजारो मुले-मुली धावण्याचा सराव करतात. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचा मृत्यू झाला होता. महिनोन्‌महिने अभ्यासिकेत बसलेला मुलगा भरतीची तारीख जाहीर होताच भर उन्हात धावू लागतो, तेव्हा त्याची अवस्था शिबिराच्या पहिल्या दिवसासारखीच असते.

पालकांनी आणि प्रशिक्षकांनी एवढे पाहावे:

• पहिले दोन आठवडे वेळ आणि वेग हळूहळू वाढवा. सराव पहाटे ठेवा.
• केवळ तापमान पाहू नका, दमटपणाही पाहा. रत्नागिरीचे ३३ अंश धावणाऱ्याला नागपूरच्या कोरड्या ३३ अंशांपेक्षा जड जातात.
• ताप, जुलाब, उलट्या किंवा रात्रीचे जागरण झाले असेल तर त्या दिवशी सुट्टी. सर्दीची काही औषधे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि उत्तेजक पावडरी धोका वाढवतात.
• पाणी तहानेप्रमाणे, थोडे थोडे प्या. लिटरच्या लिटर साधे पाणी पिण्याने रक्तातले सोडियम घटून वेगळेच संकट येऊ शकते. आणि भरपूर पाणी प्यायलेल्या माणसालाही उष्माघात होऊ शकतो.
• विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली या भागांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. ज्यांच्यात सिकलसेलचा एकच जनुक आहे (वाहक), ते एरवी ठणठणीत असतात, पण एका दमात जोरात धावल्यास त्यांचे पाय गळून जाऊन ते कोसळू शकतात. त्यांनी जरूर खेळावे, पण मध्ये मध्ये विश्रांती घ्यावी. तपासणी करून घ्या आणि प्रशिक्षकांना सांगून ठेवा.

बरे वाटल्यावर लगेच मैदानावर जावे का?

नाही. मैदानावरच शुद्ध आली तरी रुग्णालयात तपासणी आवश्यक आहे. यकृत, मूत्रपिंडे आणि स्नायूंची इजा एक-दोन दिवसांनंतरही उघड होऊ शकते. लघवी चहासारखी गडद होणे, स्नायू खूप दुखणे, डोळे पिवळे दिसणे यांकडे दुर्लक्ष करू नका. घरी आल्यानंतर किमान सात दिवस व्यायाम बंद ठेवावा. रक्ततपासण्या पूर्ववत झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने थंड वेळी, हलक्या व्यायामाने सुरुवात करावी.

शेवटी

शिबिर पाहायला गेलेल्या चाहत्याने किंवा मुलाला मैदानावर सोडायला गेलेल्या वडिलांनी एक सवय लावून घ्यावी. कोणी अडखळला, बरळला, विनाकारण चिडला, तर ‘दम नाही याच्यात’ म्हणण्याआधी त्याला नाव विचारा, वार विचारा, चार पावले सरळ चालायला सांगा. उत्तर चुकले किंवा तोल गेला, तर खेळ थांबवा आणि पाणी-बर्फ मागवा. शंका खोटी ठरली तर एक सराव बुडेल, एवढेच. ती खरी असेल, तर तुम्ही त्याचा जीव वाचवलेला असेल.