लहान अमेरिकन शहरातील पहिले साठ दिवस : इंडियाना राज्यातील कोलंबस येथे स्थलांतर करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी व्यावहारिक माहिती

बीजशब्द : स्थलांतर, लहान शहर, कोलंबस (इंडियाना), सहचर जोडीदार, वाहन परवाना, निवासाचा पुरावा

प्रस्तावना

मराठी वाचकाच्या मनातील अमेरिका ही बहुधा न्यूयॉर्क, न्यू जर्सी, शिकागो किंवा कॅलिफोर्निया येथील महानगरांची असते. प्रत्यक्षात नोकरीनिमित्त जाणाऱ्या अनेक अभियंत्यांना अशा महानगरात नव्हे, तर एखाद्या उद्योगाभोवती वाढलेल्या लहान शहरात संसार मांडावा लागतो. महानगरात कागदपत्रांची एखादी त्रुटी राहिली तरी रेल्वे, बस, शेजारचे भारतीय दुकान आणि परिचितांचे वर्तुळ यांच्या आधारे दिवस निभावून नेता येतात. लहान शहरात हा आधार विरळ असतो. तेथे वाहन परवाना नसणे म्हणजे घरात अडकून पडणे होय आणि हा प्रसंग बहुतेक वेळा नोकरी करणाऱ्या व्यक्तीवर नव्हे, तर तिच्यासोबत आलेल्या जोडीदारावर ओढवतो.

प्रस्तुत लेखात कोलंबस या शहराच्या उदाहरणाने नवागतांना आवश्यक असणारी माहिती क्रमाने मांडली आहे. या माहितीमागील मुख्य सूत्र असे की, पहिल्या साठ दिवसांत कोणती कामे होतात यापेक्षा ती कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या नावे होतात, याला अधिक महत्त्व आहे.

१. शहराची ओळख आणि पुण्याशी असलेला संबंध

कोलंबस हे इंडियाना राज्याच्या बार्थोलोम्यू परगण्याचे मुख्य ठिकाण होय. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ५० हजार होती. राज्याची राजधानी इंडियानापोलिस येथून सुमारे ४५ मैल उत्तरेस आहे. ओहायो राज्याच्या राजधानीचे नावही कोलंबसच आहे आणि विमान तिकिटांच्या यादीत 'कोलंबस' म्हणून प्रथम दिसते ते बहुधा तेच. इंडियानातील कोलंबसला जाणाऱ्याने इंडियानापोलिसचे तिकीट काढावे.

१९१९ मध्ये येथे कमिन्स ही डिझेल इंजिन बनविणारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स हा संयुक्त उद्योग उभा राहिला. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने मुलींसाठी सुरू केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयासही कमिन्सचे नाव आहे. या संबंधांमुळे पुणे परिसरातील अभियंत्यांना हे शहर अपरिचित नाही.

हे शहर आधुनिक वास्तुकलेसाठीही प्रसिद्ध आहे. एलिएल सारिनेन यांचे फर्स्ट ख्रिश्चन चर्च (१९४२), इरो सारिनेन यांची बँकेची इमारत (१९५४) आणि आय. एम. पेई यांचे ग्रंथालय (१९६९) ही त्याची ठळक उदाहरणे. कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांच्या पुढाकाराने कंपनीच्या प्रतिष्ठानाने शाळा व सार्वजनिक इमारतींसाठी नामवंत वास्तुविशारदांचे शुल्क देण्याची योजना १९५० च्या दशकात सुरू केली. चांगले अभियंते लहान गावात यावेत व टिकावेत यासाठी गावातील शाळा चांगल्या हव्यात, असा व्यावहारिक विचारही या योजनेमागे होता.

२. निघण्यापूर्वीची तयारी

कागदपत्रांतील सर्वांत मोठी अडचण नावाची असते. मराठी माणसाचे नाव तीन पदांचे. पासपोर्टवर स्वतःचे व वडिलांचे किंवा पतीचे नाव एकाच रकान्यात येते. अमेरिकन अर्जात ते कधी 'मधले नाव' होते, तर कधी गळून जाते. एका कार्यालयात दोन पदे व दुसऱ्या कार्यालयात तीन पदे नोंदली गेल्यास पुढील प्रत्येक पडताळणी अडते. म्हणून पासपोर्ट व व्हिसावर नाव जसे असेल तसेच, एका अक्षराचाही फरक न करता, सर्वत्र लिहावे.

विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीची पदवी प्रमाणपत्रे माहेरच्या नावाने व पासपोर्ट सासरच्या नावाने असतो. पुढे शिक्षण किंवा नोकरी करावयाची असल्यास या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. त्याची मूळ प्रत आणि दाखला केवळ मराठीत असल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत न्यावे. मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाच्या नोंदी व मागील दोन-तीन वर्षांची गुणपत्रके यांनाही हेच लागू पडते.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना प्रादेशिक परिवहन कार्यालयातून निघण्यापूर्वीच काढावा व तो दोघांच्याही नावे असावा. भारतातील बचत खाते अनिवासी झाल्यावर 'एनआरओ' प्रकारात बदलून घेणे नियमानुसार आवश्यक आहे. अमेरिकेत करदृष्ट्या निवासी ठरलेल्या व्यक्तीच्या परदेशी खात्यांतील एकत्रित रक्कम वर्षात केव्हाही १० हजार डॉलरांहून अधिक झाल्यास त्याची स्वतंत्र माहिती अमेरिकन अर्थखात्यास द्यावी लागते. ही तरतूद ठाऊक नसल्याने पुढे दंडाचा प्रसंग येऊ शकतो.

३. निवास व भाडेकरार

भाडेकरार हा केवळ राहण्याचा करार नसून पुढील सर्व कामांचा पाया होय. इंडियानात वाहन परवान्यासाठी राज्यातील निवासाचे दोन पुरावे मागितले जातात. भाडेकरार, विजेचे देयक, बँकेचे पत्रक हे असे पुरावे. ही सर्व कागदपत्रे एकट्या नोकरदाराच्या नावे असतील, तर जोडीदारापाशी आपण या घरात राहतो हे दाखविणारा एकही कागद उरत नाही. म्हणून करारावर दोघांची नावे घालण्याचा आग्रह धरावा आणि एखादे देयक जोडीदाराच्या नावे सुरू करावे.

ताबा घेताना भिंती, गालिचा व उपकरणे यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. इंडियानाच्या कायद्यानुसार, घर सोडल्यानंतर भाडेकरूने आपला नवा पत्ता लेखी कळविल्यावर घरमालकाने ४५ दिवसांच्या आत अनामत रक्कम किंवा तीतून कापलेल्या रकमेचा तपशील द्यावयाचा असतो. पत्ता लेखी न कळविल्यास हे संरक्षण दुबळे होते. अमेरिकेत असताना घर बदलल्यास परदेशी नागरिकाने दहा दिवसांच्या आत 'एआर-११' या नमुन्याने आव्रजन खात्यासही कळवावे लागते.

कोलंबस नद्यांच्या संगमावर वसले आहे. जून २००८ मधील पुरात येथील प्रादेशिक रुग्णालयात पाणी शिरले व ते काही महिने बंद ठेवावे लागले. भाडेकरूच्या सर्वसाधारण विम्यात पुराचे नुकसान समाविष्ट नसते. तेव्हा घर पूरक्षेत्रात आहे काय, याची चौकशी कराराआधीच करावी.

४. ओळखक्रमांक, बँक व पत

नोकरी करणाऱ्या व्यक्तीस सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळतो. वेतन, कर व पत यांची नोंद याच क्रमांकाशी जोडलेली असते. कामाचा अधिकार नसलेल्या एच-४ जोडीदारास हा क्रमांक मिळत नाही. आयकर विवरणपत्र संयुक्तपणे भरताना त्याच्यासाठी करदाता ओळखक्रमांक स्वतंत्र अर्जाने घ्यावा लागतो.

भारतातील पतनोंद अमेरिकेत सहसा गृहीत धरली जात नाही. त्यामुळे सुस्थितीतील कुटुंबासही प्रारंभी अधिक अनामत किंवा अधिक व्याजदर सोसावा लागतो. अनामत ठेवून मिळणारे क्रेडिट कार्ड घेणे, त्यावर अल्प खर्च करणे व प्रत्येक देयक मुदतीत पूर्ण फेडणे हा पत उभारण्याचा सरळ मार्ग होय. बँक खाते संयुक्त असावे, कारण त्या खात्याचे पत्रक हाच जोडीदाराच्या निवासाचा दुसरा पुरावा ठरतो.

राज्याच्या आयकराखेरीज इंडियानात परगण्याचाही आयकर असतो व तो १ जानेवारी रोजी आपण ज्या परगण्यात राहतो त्यावरून ठरतो. केंद्रीय विवरणपत्राची नेहमीची अंतिम तारीख १५ एप्रिल असते.

५. वाहन परवाना

कोलंबसमध्ये शहर बससेवा आहे, तसेच पायी व सायकलने जाण्यासाठी स्वतंत्र मार्गांचे जाळेही आहे. तथापि दवाखाना, बाजार, शाळा व कार्यालय यांची अंतरे पाहता मोटारीवाचून दैनंदिन व्यवहार कठीण होतात. राज्याचा रहिवासी झाल्यापासून ६० दिवसांच्या आत इंडियानाचा परवाना घ्यावा लागतो. परदेशी परवाना असलेल्यास दृष्टी, लेखी व प्रत्यक्ष वाहनचालन अशा तिन्ही चाचण्या द्याव्या लागतात. सामाजिक सुरक्षा क्रमांकास अपात्र असलेल्या जोडीदाराने त्या कार्यालयाकडून तसे पत्र घेऊन ते अर्जास जोडावे. परवान्याची मुदत देशातील वैध वास्तव्याच्या मुदतीशी बांधलेली असते. त्यामुळे व्हिसाची मुदत वाढताच परवान्याचे नूतनीकरण विसरू नये.

भारतीय चालकास डाव्या-उजव्या बाजूच्या फरकापेक्षा पुढील नियम अधिक चुकवितात. 'थांबा' या फलकापाशी रस्ता रिकामा असला तरी गाडी पूर्ण थांबवावी लागते. चारही बाजूंनी फलक असल्यास जो प्रथम पोहोचला तो प्रथम जातो. शाळेची बस लाल दिवे लावून उभी असता दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांच्या वाहनांनी थांबणे बंधनकारक आहे. जुलै २०२० पासून वाहन चालविताना मोबाइल हातात धरण्यास मनाई आहे. आठ वर्षांखालील मुलांसाठी योग्य आसन सक्तीचे आहे. शरद ऋतूत तिन्हीसांजेला हरणे रस्त्यावर येतात. अशा वेळी वेग कमी ठेवणे हाच उपाय.

६. जोडीदाराचा कामाचा अधिकार

एल-१ व्हिसाधारकाच्या जोडीदारास नोव्हेंबर २०२१ पासून स्वतंत्र परवान्याविना काम करता येते. मात्र आय-९४ या प्रवेशनोंदीवर 'एल-२एस' असा उल्लेख असावा लागतो व तो उतरल्यावर लगेच तपासावा. एच-१बी धारकाच्या जोडीदाराची स्थिती वेगळी आहे. मुख्य व्हिसाधारकाची ग्रीन कार्डची प्रक्रिया विशिष्ट टप्प्यापर्यंत पोहोचली असेल, तरच २०१५ च्या नियमानुसार अर्ज करून कामाचा परवाना मिळू शकतो. दोन्ही मार्ग खुले असलेल्या कुटुंबाने व्हिसाचा प्रकार स्वीकारण्यापूर्वीच या फरकाचा विचार करावा. पुण्यात दहा वर्षे नोकरी केलेल्या स्त्रीच्या पुढील आयुष्याचा प्रश्न त्यात गुंतलेला असतो.

काम करता येत नसले तरी शिक्षण घेता येते. इंडियाना विद्यापीठाचे केंद्र शहरातच आहे. ग्रंथालयाचे सभासदत्व परगण्यातील रहिवाशांना विनामूल्य मिळते. लहान शहरात ग्रंथालय ही केवळ पुस्तकांची जागा नसून नवागताच्या पहिल्या ओळखी जेथे होतात असे सार्वजनिक दालन आहे.

७. शाळा व आरोग्य

सार्वजनिक शाळा विनाशुल्क असून सर्वसाधारणपणे निवासस्थानावरून शाळा ठरते. शैक्षणिक वर्ष ऑगस्टच्या प्रारंभी सुरू होते. १ ऑगस्टपर्यंत पाच वर्षे पूर्ण झालेले मूल बालवर्गास पात्र ठरते. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, कावीळ अ व ब, पोलिओ आदी लसींच्या मात्रांची तारीखवार नोंद शाळा मागते. भारतात दिलेल्या बीसीजी लसीमुळे क्षयाची त्वचाचाचणी सकारात्मक येऊ शकते. म्हणून त्या लसीची नोंद अवश्य न्यावी.

आरोग्यविम्याची कागदपत्रे कुटुंबातील दोघांनीही वाचावीत. विमा खर्च उचलू लागण्यापूर्वी वर्षाकाठी स्वतः भरावयाची रक्कम किती, प्रत्येक भेटीचे शुल्क किती व कोणते डॉक्टर योजनेच्या यादीत आहेत, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. दात व डोळे यांचा विमा बहुधा निराळा असतो. किरकोळ तातडीसाठी 'अर्जंट केअर' केंद्रात जावे. रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग कितीतरी महाग पडतो. परंतु छातीत दुखणे, श्वास अडकणे अशा प्रसंगी खर्चाचा विचार न करता ९११ क्रमांक फिरवावा. भेटीस येणाऱ्या आईवडिलांचा समावेश नोकरीच्या विम्यात सहसा होत नाही. त्यांचा विमा वेगळा काढावा.

८. घर व हवामान

अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची असल्याने भारतातील मिक्सर तेथे नीट चालत नाही. प्रेशर कुकर मात्र निर्धास्त न्यावा. फोडणीच्या धुराने धूरसूचक वाजू लागतो. अशा वेळी खिडकी उघडावी, यंत्र काढून ठेवू नये.

वसंत ऋतूत चक्रीवाताचा धोका असतो. 'वॉच' म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, तर 'वॉर्निंग' म्हणजे चक्रीवात दिसला आहे किंवा रडारवर आढळला आहे. दुसरी सूचना मिळताच तळघरात, अन्यथा सर्वांत खालच्या मजल्यावरील खिडकीविरहित खोलीत जावे. हिवाळ्यात तापमान शून्याखाली जाते. घर बंद ठेवून भारतात येताना उष्णतायंत्र पूर्ण बंद केल्यास नळ गोठून फुटतात.

समारोप

वरील विवेचनावरून कामांचा क्रम असा ठरतो : निघण्यापूर्वी नावांची एकवाक्यता, पोहोचताच प्रवेशनोंदीची तपासणी, दोघांच्या नावे भाडेकरार व संयुक्त बँक खाते, ओळखक्रमांक किंवा अपात्रतेचे पत्र, त्यानंतर दोघांचे वाहन परवाने. शाळाप्रवेश व विम्याची कामे पत्ता निश्चित होताच समांतर चालावीत. नियम व दर बदलत असल्याने निघण्याआधी संबंधित खात्याकडून खात्री करून घेणे अगत्याचे आहे.

कंपनीकडून मिळणारे साहाय्य प्रामुख्याने कर्मचाऱ्यासाठी असते. कुटुंबाचे स्थलांतर मात्र जोडीदाराच्या हाती गाडीची किल्ली, खात्याचे पत्रक व ग्रंथालयाचे ओळखपत्र येईल तेव्हाच पूर्ण होते. पहिल्या साठ दिवसांचे नियोजन करताना हे उद्दिष्ट अखेरीस न ठेवता प्रारंभीच ठेवणे हिताचे ठरेल.